आरोग्यसेवेतील व्यवस्थापकांचे नेतृत्वशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा आरोग्यकेंद्र चालवणाऱ्यांना व्यवस्थापनाची जबाबदारी बहुधा आधी मिळते. तिचे शिक्षण नंतर मिळते, आणि पुष्कळांना ते कधीच मिळत नाही. ही प्रश्नोत्तरे विभागप्रमुख, इन्चार्ज सिस्टर, मेट्रन, वैद्यकीय अधीक्षक आणि वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेले प्रशासक अशा सर्वांसाठी आहेत. शिकणे रोजच्या कामाशी जोडलेले असेल तरच त्याचा रुग्णाला उपयोग होतो, या धारणेतून ती लिहिली आहेत.

माझे वैद्यकीय काम उत्तम आहे. मग व्यवस्थापन वेगळे शिकण्याची खरोखर गरज आहे का?

आहे, कारण दोन्ही कामांची जातच वेगळी आहे. उपचार करताना आपली नजर समोरच्या एका रुग्णावर असते आणि निर्णय बरोबर ठरला की चूक, हे बहुधा आपल्याला स्वतःलाच लवकर कळते. विभाग चालवताना निर्णय दुसऱ्यांच्या हातून अमलात येतो, त्याचे फळ महिन्यांनी दिसते, आणि ज्या रुग्णांची आपली कधी भेटही होणार नाही त्यांच्या वाट्याला ते येते. शिवाय निष्णात डॉक्टरला किंवा परिचारिकेला झटपट उत्तर देण्याची सवय असते, आणि आणीबाणीत ती प्राण वाचवते. हीच सवय विभागाच्या रोजच्या कारभारात चालू राहिली, तर सहकारी स्वतः विचार करणे थांबवतात आणि प्रत्येक लहानसहान गोष्ट आपल्या टेबलावर येऊन पडते. कुठे उत्तर द्यावे आणि कुठे प्रश्न विचारून थांबावे, हे शिकणे या क्षेत्रातील नेतृत्वशिक्षणाचा बहुधा सर्वांत अवघड भाग आहे.

नेतृत्व हा जन्मजात गुण नाही का?

स्वभावाचा थोडा भाग जन्मजात असेल. पण पाळी बदलताना हँडओव्हर नीट करून घेणे, वाईट बातमी वरिष्ठांपर्यंत वेळेवर पोहोचवणे, दोन नाराज सहकाऱ्यांना समोरासमोर बसवून बोलते करणे, रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, न्याय्य ठेवणे या सगळ्या शिकता येणाऱ्या गोष्टी आहेत. विभागाचे बरेवाईट बहुतांशी त्यांच्यावरच ठरते.

नुकतीच विभागाची जबाबदारी मिळाली आहे. सुरुवात कुठून करावी?

पहिले काही आठवडे बदल करण्याचा मोह आवरावा आणि काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहावे. दिवसपाळीत दिसणारा विभाग आणि पहाटे तीनला दिसणारा विभाग सारखा नसतो, त्यामुळे तिन्ही पाळ्यांत हजर राहून पाहणे आवश्यक आहे. एखाद्या रुग्णासोबत दाखल होण्यापासून डिस्चार्जपर्यंतचा प्रवास स्वतः करावा आणि तो कुठे, कशासाठी, किती वेळ थांबला हे लिहून ठेवावे. प्रत्येक सहकाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलावे आणि सर्वांना एकच विचारावे : आपले काम नीट करण्यात रोज कोणती गोष्ट आड येते? उत्तरांतील एखादी लहान अडचण, जसे की नेहमी न सापडणारी व्हीलचेअर किंवा प्रयोगशाळेतून उशिरा येणारा अहवाल, लगेच सोडवावी. बोलल्याने काहीतरी घडते हे एकदा दिसले की मोठ्या अडचणी आपोआप आपल्यापर्यंत येऊ लागतात.

याच काळात एक अंतरही सांभाळावे लागते. काल ज्यांच्यासोबत बरोबरीने काम केले त्यांच्या रजा आज आपल्याला नाकाराव्या लागतात. मैत्री तोडण्याची गरज नाही. पण नियम सर्वांना सारखा लागू होईल, हे पहिल्याच बैठकीत स्पष्टपणे सांगितलेले बरे.

कोणता अभ्यासक्रम निवडावा?

रुग्णालय व्यवस्थापन हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून फार जुना नाही. अमेरिकेत रुग्णालय प्रशासकांची व्यावसायिक संघटना १९३३ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी शिकागो विद्यापीठाने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आज पूर्ण पदवीपासून काही दिवसांच्या कार्यशाळेपर्यंत सर्व प्रकार उपलब्ध आहेत. वित्त, कायदा, मनुष्यबळ आणि धोरण यांचा पाया नसलेल्या व्यक्तीला, विशेषतः जिला पुढे संपूर्ण संस्था चालवायची आहे तिला, पदवीचा उपयोग होतो. एकच विभाग सांभाळणाऱ्यासाठी मात्र वर्षभर पसरलेला, दर महिन्याला एकदोन दिवस भरणारा आणि मधल्या काळात कामावर काहीतरी करून पाहायला लावणारा कार्यक्रम मला अधिक उपयुक्त वाटतो.

प्रवेश घेण्यापूर्वी आयोजकांना विचारावे, की शिकणारा आपल्या विभागातील खरा प्रश्न घेऊन येतो का, त्याच्या वरिष्ठांना यात सहभागी करून घेतले जाते का, आणि कार्यक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी कोणी विचारपूस करते का. तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर तो कार्यक्रम माहिती देईल. वागणे बदलेल याची शाश्वती नाही.

प्रशिक्षण उत्तम झाले, पण परतल्यावर काहीच बदलले नाही. असे का होते?

हा प्रश्न वारंवार येतो आणि त्याचे उत्तर प्रशिक्षणाच्या खोलीत फारसे सापडत नाही. शिकून आलेला माणूस त्याच रोस्टरमध्ये, त्याच वरिष्ठांसमोर आणि त्याच अपुऱ्या मनुष्यबळात परततो. त्याने नवे काही मांडले की ‘इथे असे चालत नाही’ हे ऐकावे लागते, आणि दोनतीन वेळा असे झाले की तो जुन्या वळणावर जातो. व्यक्ती बदलली, पण तिच्याभोवतीची व्यवस्था बदलली नाही, हे यामागचे मूळ कारण आहे.

म्हणून जाण्यापूर्वीच वरिष्ठांसोबत बसून एकच लेखी करार करावा : परत आल्यावर मी विभागातील अमुक एक गोष्ट बदलून पाहीन, त्यासाठी मला आठवड्यातून इतके तास आणि अमुक अधिकार मिळतील, आणि तीन महिन्यांनी आपण दोघे मिळून काय झाले ते पाहू. शक्य असेल तर एका विभागातून एकट्याला न पाठवता डॉक्टर, परिचारिका आणि प्रशासक असे तिघे मिळून पाठवावेत. एकटा माणूस परतल्यावर एकाकी पडतो. तिघे परतले तर त्यांच्यात एक समान भाषा तयार झालेली असते आणि विरोध झाला तरी ते एकमेकांना धीर देतात.

कृतीतून शिकण्याचे गट म्हणजे काय आणि ते कसे चालवावेत?

ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ रेग रेव्हान्स यांनी ही पद्धत आधी कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांसोबत आणि १९६० च्या दशकात लंडनमधील रुग्णालयांत वापरली. ज्या प्रश्नाचे तयार उत्तर कोणाकडेच नाही, तो बरोबरीच्या सहकाऱ्यांनी विचारलेल्या नेमक्या प्रश्नांमुळे उलगडतो, हा तिचा गाभा आहे.

पाच ते सात व्यवस्थापकांचा गट पुरेसा असतो, आणि शक्यतो ते वेगवेगळ्या विभागांतले असावेत, म्हणजे एकमेकांच्या गृहीतकांवर बोट ठेवता येते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, फोन बाजूला ठेवून भेटावे. प्रत्येकाला ठरावीक वेळ द्यावा; त्यात त्याने आपला अडलेला प्रश्न मांडावा आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारावेत. ‘मी तुमच्या जागी असतो तर’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये कटाक्षाने टाळावीत. सुरुवातीला हे फार जड जाते, कारण सल्ला देणे हाच आपल्या पेशाचा स्वभाव आहे. शेवटी मांडणाऱ्याने पुढच्या भेटीपर्यंत काय करणार ते सांगावे आणि पुढची भेट त्याच्याच हिशेबाने सुरू व्हावी. गटात बोललेले गटाबाहेर जाऊ नये, हा नियम मोडला गेला तर गट संपल्यातच जमा असतो. या पद्धतीला खर्च जवळजवळ नाही, आणि एकच गोष्ट सुरू करता येणार असेल तर माझ्या मते ती हीच असावी.

माझ्या विभागात इतरांपेक्षा जास्त चुका नोंदल्या जातात म्हणून वरिष्ठ नाराज आहेत. मी काय करावे?

नोंदींचा आकडा आणि प्रत्यक्ष चुकांचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना समजावून सांगावे. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा आणि औषध देण्यातील चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आढळले ते उलट. ज्या विभागांचे नेतृत्व अधिक चांगले होते तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे चूक सांगायला कोणी घाबरत नव्हते. इतर ठिकाणी चुका होत होत्या, पण त्या झाकल्या जात होत्या. त्यांनी १९९९ मध्ये मांडलेली मानसिक सुरक्षिततेची संकल्पना आज जगभरातील आरोग्यसेवेत वापरली जाते : प्रश्न विचारला, शंका काढली किंवा चूक कबूल केली तर आपला अपमान होणार नाही, असा गटातील प्रत्येकाला असलेला भरवसा.

हा भरवसा भाषणाने येत नाही. पहिली वाईट बातमी घेऊन आलेल्या कनिष्ठ परिचारिकेला आपण काय म्हणालो, यावर तो ठरतो, कारण ते उत्तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डला माहीत झालेले असते. ‘सांगितलेत ते बरे केलेत, रुग्ण आता कसा आहे?’ इथून सुरुवात केली की पुढची नोंद येते. ‘हे कोणी केले?’ इथून केली की बहुधा येत नाही.

मग चुकीसाठी कोणालाच जबाबदार धरायचे नाही का?

धरायचे, पण विचारपूर्वक. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी दाखवून दिले, की गंभीर अपघात बहुधा एका माणसाच्या चुकीने होत नाही. संरक्षणाच्या अनेक थरांतील उणिवा एकाच वेळी एका रेषेत येतात तेव्हा तो होतो. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतील, पाळी दुप्पट लांबलेली असेल आणि तपासणारा दुसरा माणूस जागेवर नसेल, तर तिथे उभी असलेली कोणतीही परिचारिका तीच चूक करू शकते. अशा वेळी तिला शिक्षा केल्याने बाटल्यांची जागा बदलत नाही.

व्यवस्थापकाने तीन प्रकार वेगळे ओळखायला शिकावे. अनवधानाने झालेल्या चुकीत माणसाला आधार द्यावा आणि व्यवस्था दुरुस्त करावी. सवयीने घेतलेल्या आडवाटेत, ती वाट का घ्यावीशी वाटते हे आधी समजून घ्यावे आणि मग समज द्यावी. धोका ठाऊक असूनही बेफिकिरी केली असेल, तर कारवाई टाळू नये. परिणाम किती गंभीर झाला यावर शिक्षा ठरवणे अन्याय्य आहे, कारण तीच चूक एका रुग्णाला निभावते आणि दुसऱ्याचा जीव घेते.

चेकलिस्ट आणि ठरावीक कार्यपद्धती लागू केल्या की काम भागत नाही का? त्यात नेतृत्वाचा काय संबंध?

शस्त्रक्रियेतील सुरक्षिततेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या चेकलिस्टची चाचणी जगातील आठ शहरांमधील आठ रुग्णालयांत झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात अशा चेकलिस्टचा वापर सर्वत्र सुरू झाला, तेव्हा १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही अभ्यासांची रचना वेगळी असल्याने त्यांची थेट तुलना जपूनच करावी, पण खुणा भरल्या गेल्या म्हणजे संवाद झाला असे नव्हे, एवढे तरी त्यातून नक्की घ्यावे.

याउलट अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ साली सुरू झालेल्या उपक्रमाकडे पाहावे. रक्तवाहिनीत घातलेल्या मध्यवर्ती नळीमुळे होणारा संसर्ग कमी करण्यासाठी शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांनी पाच साध्या कृती नेमाने पाळल्या. अठरा महिन्यांच्या काळात संसर्गाचे सरासरी प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) ७.७ वरून १.४ वर आले. त्या कृतींमध्ये नवीन असे काहीच नव्हते. हात धुणे त्यांपैकीच एक. नवीन हे होते, की पद्धत पाळली जात नसेल तर परिचारिका डॉक्टरला थांबवू शकत होती आणि प्रशासन तिच्या पाठीशी होते. कागद दोन्हीकडे असतो, पण थांबवण्याचा हा अधिकार नेतृत्वालाच द्यावा लागतो.

आकडेवारी किती यायला हवी?

संख्याशास्त्रज्ञ होण्याची गरज नाही, पण दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. एक, या महिन्याचा आकडा मागच्या महिन्यापेक्षा वर किंवा खाली गेला एवढ्यावरून निष्कर्ष न काढणे. प्रत्येक प्रक्रियेत नैसर्गिक चढउतार असतातच. किमान दोनेक वर्षांचे मासिक आकडे कालक्रमाने एका रेषेवर मांडल्याशिवाय त्यांतील खरा बदल ओळखू येत नाही. दोन, खाटा, माणसे आणि प्रतीक्षा यांचे नाते समजणे. तातडीचे रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाबाबत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय प्रतिमानात दिसले, की सरासरी ८५ टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या असतील तर जागा न मिळण्याचा धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांपुढे टंचाई वारंवार उद्भवते. सर्व खाटा सदैव भरलेल्या ठेवणे ही काटकसर वाटते. प्रत्यक्षात तिची किंमत आपत्कालीन कक्षात ताटकळणारा रुग्ण मोजतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धानंतर सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी आकृत्यांतून मांडली आणि जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक बळी घेतले, हे सत्ताधाऱ्यांना पटवले. समोरच्याला दिसेल अशा रीतीने आकडा मांडणे हे नेतृत्वाचे काम तेव्हाही होते.

मी वैद्यकीय पार्श्वभूमीचा नाही. डॉक्टर माझे ऐकत नाहीत.

त्यांना आदेश देण्याचा प्रयत्न करू नये आणि त्यांच्यापुढे नमतेही घेऊ नये. बहुतेक डॉक्टर आपल्या रुग्णांच्या हिताला आणि चांगल्या पुराव्याला प्रतिसाद देतात; खर्चाच्या तक्त्यापेक्षा रद्द झालेल्या शस्त्रक्रियांची कारणे समोर ठेवली तर चर्चा वेगळ्या पातळीवर होते. ब्रिटनमध्ये १९८३ साली ग्रिफिथ्स अहवालाने आरोग्यसेवेत सर्वसाधारण व्यवस्थापक नेमण्याची शिफारस केली, तेव्हाही डॉक्टरांनी व्यवस्थापनात आणि अंदाजपत्रकात अधिक जवळून सहभागी व्हावे, असे त्यात म्हटले होते. वॉर्डफेरीत नियमित सोबत जाणे, वैद्यकीय शब्द समजले नाहीत तर मोकळेपणाने विचारणे आणि दिलेला शब्द पाळणे, यांनी जो विश्वास निर्माण होतो तो पदनामाने होत नाही.

मार्गदर्शक आणि कोच यांपैकी कोणाची मदत घ्यावी?

ज्या वाटेने आपण जाणार आहोत ती आधी चाललेला, संस्थेचे बारकावे सांगणारा वडीलधारा सहकारी म्हणजे मार्गदर्शक. कोच सहसा बाहेरचा असतो, सल्ला कमी देतो आणि आपल्याच वागण्याकडे पाहायला लावतो. नव्या व्यवस्थापकाला पहिल्याची आणि बढती मिळून वेगळ्या स्वरूपाच्या कामात आलेल्याला दुसऱ्याची गरज जास्त भासते. मार्गदर्शक आपला थेट वरिष्ठ नसावा.

शिकायला वेळच मिळत नाही.

ही तक्रार खरी आहे, आणि तिचे उत्तर व्यक्तीने आपली झोप कमी करून देऊ नये. शिकण्याचा वेळ रोस्टरमध्ये लिहिला गेला आणि त्या वेळेत विभाग कोण सांभाळणार हे ठरले, तरच तो मिळतो. घरी जाऊन ऑनलाइन व्याख्याने पाहायला सांगणे म्हणजे तो वेळ कुटुंबाकडून घेणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याचे वर्णन नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन कामाच्या ताणाचा परिणाम असे केले आणि त्याला कामाशी निगडित अवस्था म्हटले. त्यामुळे थकलेल्या व्यवस्थापकाला चिकाटीचे प्रशिक्षण देण्यापूर्वी त्याच्यावरील कामाचा भार तपासावा.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे संस्थेने कसे मोजावे?

डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली सुचवलेल्या चार पायऱ्या अजूनही उपयोगी पडतात : शिकणाऱ्याला कार्यक्रम कसा वाटला, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि संस्थेला त्याचे फळ मिळाले का. बहुतेक संस्था पहिल्या पायरीवर, म्हणजे शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायावर थांबतात. तिसरी पायरी गाठण्यासाठी फार काही लागत नाही. सहा महिन्यांनी त्या व्यवस्थापकाच्या हाताखालील लोकांना विचारावे, की ते आता अडचणी अधिक मोकळेपणाने सांगतात का आणि सांगितलेल्या अडचणींचे पुढे काय होते. चौथ्या पायरीवर सावधगिरी हवी : संसर्ग किंवा राजीनामे कमी होण्यामागे अनेक कारणे असतात, सगळे श्रेय प्रशिक्षणाला देऊ नये.

संस्थेच्या वरिष्ठ मंडळानेही शिकायला हवे का?

सर्वांत आधी त्यांनीच. इंग्लंडमधील स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची जी हेळसांड झाली, तिच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि त्यात २९० शिफारशी होत्या. संचालक मंडळाचे लक्ष आर्थिक ताळेबंदावर आणि ठरवून दिलेल्या लक्ष्यांवर होते. रुग्णांच्या तक्रारी आणि कर्मचाऱ्यांचे इशारे त्यांनी पुरेशा गांभीर्याने ऐकले नाहीत. अशा मंडळाच्या हाताखाली वॉर्डमधल्या इन्चार्ज सिस्टरने नेतृत्वाचे कितीही धडे घेतले तरी तिचा आवाज वरपर्यंत पोहोचत नाही. मंडळाची प्रत्येक बैठक एका रुग्णाच्या अनुभवाच्या कथनाने सुरू करावी, सदस्यांनी आधी न कळवता वॉर्डात जावे, आणि तिथे ऐकलेल्या गोष्टींचे काय केले हे पुढच्या बैठकीत नोंदवावे.

मी पद सोडल्यानंतर विभाग पूर्वपदावर जाऊ नये म्हणून काय करावे?

आपल्यानंतर जबाबदारी घेऊ शकतील अशा दोघांना आजपासूनच तयार करावे. एकालाच निवडले तर बाकीचे दुरावतात आणि तो एकटा सोडून गेला तर हाती काहीच उरत नाही. त्यांना रजेच्या काळात केवळ सह्या करायला न ठेवता खरा निर्णय सोपवावा : रोस्टर त्यांनी लावावे, अंदाजपत्रकातील एक भाग त्यांनी मांडावा, एखाद्या अवघड नातेवाइकांशी त्यांनी बोलावे. आपण नंतर त्यांच्यासोबत बसून काय विचार केला ते ऐकावे, आणि निर्णय आपल्यापेक्षा वेगळा पण रुग्णासाठी सुरक्षित असेल तर तो बदलू नये. ज्या बैठका आपण चालवतो त्यांपैकी निम्म्या पुढच्या तीन महिन्यांत त्यांच्याकडे द्याव्यात आणि त्या बैठकांना आपण हजर राहू नये.